बर्नीला बंडी कुणी दिली

बर्नडीन कुच्मार्स्कीनं आयुष्यात एकच चोरी केली आणि एकच थाप मारली. चोरी पचली. थाप चोवीस वर्षं पचल्यासारखी वाटली आणि मग एका शुक्रवारी तळलेल्या माशांच्या जेवणात सगळ्यांसमोर बाहेर पडली. तेव्हा बर्नी सत्तावन्न वर्षांची होती, आणि जो क्लब तिनं स्वतः काढला त्यातून आपण हाकलले जाणार, अशी तिला बऱ्याच दिवसांपासून धास्ती होती.

क्लबाचं नाव ‘आरी’. दोर, चाबूक, हुकूम आणि हुकमाची तामिली या गोष्टी ज्यांना प्रेमाच्या ताटात चटणीसारख्या लागतात, अशा मिलवॉकीतल्या लेस्बियन बायकांचा हा क्लब १९७९ साली सुरू झाला. इथे रोज काहीतरी भयंकर चालत असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांतला निम्मा काळ मागील सभेचं इतिवृत्त वाचण्यात गेला. गाठींच्या वर्गात बांधण्यापेक्षा कात्री शोधण्यात जास्त वेळ जाई. चाबकाच्या वर्गात छताचे दिवे दोनदा फुटले, माणूस एकदाही नाही. सभेनंतर प्रत्येकीनं घरून काहीतरी करून आणायचं असे, आणि दर खेपेला बटाट्याच्या सॅलडची चार भांडी जमत.

सुरुवातीला आम्हाला कुणी जागा देईना. स्त्रीमुक्तीवाल्यांच्या पुस्तकाच्या दुकानानं आमचं पत्रक ठेवायला नकार दिला; आम्ही बायकांवर अत्याचार करतो, असं त्यांनी रीतसर पत्र पाठवून कळवलं. त्या पत्रावर जिची सही होती ती तीन वर्षांनी आमच्याकडे उमेदवार म्हणून आली. तिच्याइतक्या चांगल्या गाठी आजवर कुणाला आल्या नाहीत. शेवटी चामडं घालणाऱ्या पुरुषांच्या एका बारनं रविवारी दुपारी मागची खोली दिली. त्या पुरुषांपैकी बरेचसे पुढच्या दहा वर्षांत एड्सनं गेले. आम्ही रक्त दिलं, सूप पोचवलं, त्यांच्या आयांना विमानतळावरून आणलं आणि परत सोडलं. खोली अजून आमच्याकडे आहे.

या सगळ्यात बर्नी पहिल्या दिवसापासून होती. एकोणिसाव्या वर्षी ती मेनॉमिनी खोऱ्यातल्या एका टॅनरीत लागली आणि टॅनरी बंद पडेपर्यंत तिथेच राहिली. तिचं काम कमावलेली कातडी निवडायचं. टेबलावर कातडं आलं की ती त्यावरून तळहात फिरवी आणि खडूनं लिही : एक नंबर, दोन नंबर, रद्दी. काटेरी तारेचा ओरखडा, किड्यानं पाडलेलं भोक, डागणी देणाऱ्यानं जास्त वेळ टेकवलेलं लोखंड, सगळं तिला डोळे मिटून कळे. चामड्याबद्दल तिला भक्तिभाव असा नव्हताच. आमच्यातली एखादी नव्या बुटांचा वास छाती भरून घेऊ लागली, की बर्नी म्हणे, “चुन्याच्या हौदापाशी आठ तास उभी राहा आणि मग हुंग.”

चोरी १९७८च्या जानेवारीतली. गाईचं एक काळं, अर्धं कातडं खांद्यापाशी वीतभर ओरखडा असल्यामुळे रद्दीत गेलं. बर्नीनं ते पोटाला गुंडाळलं, वरून कोट चढवला आणि बाहेर पडली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिच्या पोटाकडे पाहून अभिनंदन केलं. तिनं आभार मानले. घरी स्वयंपाकाच्या टेबलावर बापाच्या जुन्या कोटाचा नमुना ठेवून तिनं बिनबाह्यांची बंडी बेतली आणि अकरा संध्याकाळी बसून हातानं शिवली. बगला आखूड झाल्या. पुढे कित्येक वर्षं तिला हात खांद्याच्या वर नेता येत नव्हते. लोकांना तो रुबाब वाटायचा.

आता थापेबद्दल. चामडेवाल्यांत बंडी दुकानातून घेऊन अंगावर चढवायची पद्धत नाही. जुन्याजाणत्या कुणीतरी ती द्यायची असते. देणाऱ्याला आणखी कुणी दिलेली असते. गायकीतल्या घराण्यासारखंच हे. १९८०च्या वसंतात शिकागोहून आलेल्या एका मिशाळ गृहस्थानं बारमध्ये बर्नीला विचारलं, ही तुला कुणी दिली? बर्नीला त्या घटकेला टॅनरीच्या कॅन्टीनमध्ये सूप वाढणारी बाई आठवली. “व्हेल्मानं,” ती म्हणाली. “तुमच्याच गावची.” गृहस्थांना आपल्या गावची माणसं ठाऊक नाहीत असं कबूल करवेना. त्यांनी आदरानं मान हलवली आणि म्हणाले, “हां, व्हेल्मा.” झालं. आठवड्याभरात शिकागोची व्हेल्मा सगळ्यांच्या ओळखीची झाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्याच वर्षी बाजारातून कोऱ्या बंड्या घालून हौशी बायका येऊ लागल्या, आणि त्यांना अडवायला बर्नीनंच नियमावलीत कलम चार लिहिलं : पूर्ण सदस्य ती, जिला बंडी दुसऱ्या कुणी दिली आहे, स्वतः मिळवलेली बंडी घालणारीस उमेदवार समजण्यात येईल. ठराव एकमतानं मंजूर झाला. आपण आत्ता आपल्यालाच बाहेर काढलं हे बर्नीला घरी जाताना गाडीत लक्षात आलं. ती गप्प राहिली. पुढच्या तेवीस वर्षांत तिनं एकोणीस जणींना बंड्या दिल्या, त्यांनी आणखी जणींना दिल्या, आणि ओरखड्याचीही एक गोष्ट तयार झाली, जिच्यात चाबूक, मेणबत्ती आणि व्हेल्मा होती.

२००४ साली पंचविशीनिमित्त क्लबाचा इतिहास लिहायचं ठरलं. काम ट्रिना हॉल्वर्सनकडे गेलं. ट्रिना सव्वीस वर्षांची, ग्रंथालयात नोकरीला. आमची इतिवृत्तं ती पांढरे सुती हातमोजे घालून हाताळी. इतिवृत्तांवर मोहरीच्या चटणीचे डाग होते. पहिल्याच आठवड्यात तिनं व्हेल्माचं आडनाव विचारलं. बर्नी म्हणाली, आडनावं सांगायचा तो काळ नव्हता.

“पण असेल ना कुठेतरी?”

“मेली असेल गं.”

“मग थडगं शोधते,” ट्रिना म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

बर्नीनं त्या उन्हाळ्यात बरेच प्रयत्न केले. व्हेल्माला प्रसिद्धी आवडत नव्हती, असं सांगितलं. ती कदाचित शिकागोची नसून शेजारच्या गॅरी गावची असेल, असं सांगितलं. ट्रिनानं गॅरीलाही पत्रं पाठवली. बर्नीकडे क्लबाशिवाय फारसं काही उरलेलं नव्हतं. टॅनरीच्या जागी फ्लॅट उठले होते आणि लोइस, जिच्याबरोबर ती सोळा वर्षं राहिली, दुसरीबरोबर ॲरिझोनाला गेली होती. रविवारच्या खोलीतली पहिली खुर्ची तेवढी तिची होती. सप्टेंबरच्या सभेत ट्रिना उठली आणि म्हणाली, व्हेल्मा सापडली. व्हेल्मा क्रॅट्झ, वय अठ्ठ्याहत्तर, शिकागोजवळ बर्विनच्या वृद्धाश्रमात आहे आणि पंचविशीच्या जेवणाला प्रमुख पाहुणी म्हणून येणार आहे. टाळ्या झाल्या. बर्नीनं हातातली लोणच्यातली काकडी बशीत परत ठेवली.

जेवण ऑक्टोबरातल्या शुक्रवारी होतं, बोलिंग ॲलीच्या मागच्या सभागृहात. बर्नी तासभर आधी जाऊन कोट ठेवायच्या खोलीत उभी राहिली. ट्रिना गाडी लावायला गेली तेवढ्यात चालायचा आधार टेकत एक बुटकी, फिक्या जांभळ्या स्वेटरातली म्हातारी आत आली. खोलीत दोघीच होत्या. बर्नीनं हे सगळं आम्हाला नंतर सांगितलं, आणि व्हेल्मानं दुजोरा दिला.

“तू बर्नी का?”

“हो.”

“मी तुला काय दिलं म्हणे?”

बर्नीनं पाठ वळवून बंडी दाखवली.

“बरी आहे,” व्हेल्मा म्हणाली. “कधी दिली?”

“अठ्ठ्याहत्तर साली. जानेवारीत.”

“तेव्हा मी एका डेंटिस्टच्या बायकोच्या नादी लागले होते. पण काढला असेल वेळ.”

बर्नीनं विचारलं, तुम्ही ट्रिनाला हो का म्हणालात?

“पोरी, आमच्याकडे शुक्रवारी मॅकरोनी असते. आणि ती मुलगी माझ्या तरुणपणाबद्दल विचारत होती. पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही. चामडं घालायचे का, म्हणाली. घालायचे. बायका होत्या का? होत्या, भरपूर. मग म्हणाली, त्या व्हेल्मा तुम्हीच का? आता नाही कशाला म्हणायचं? चल, मला काय काय माहीत असायला हवं ते सांग. माझा कान हा चांगला आहे, इकडून बोल.”

चार मिनिटांत बर्नीनं सगळं सांगितलं. बर्फ पडत होता. बारचं नाव मोघम ठेवायचं. ओरखडा डाव्या खांद्यावर. व्हेल्मानं एकदाच ऐकलं आणि म्हणाली, “सोपं आहे.” कातडं कुठल्या जनावराचं, हे सांगायचं राहिलं. तीस वर्षं कातडी निवडलेल्या बाईला ते सांगावं लागेल असं वाटलंच नाही. तिच्या मते ते दिसतंच.

व्हेल्मा बोलायला उभी राहिली तेव्हा कॉड मासे, राय धान्याचा पाव आणि बटाट्याचे घावन वाढून झाले होते. ती छान बोलली. तिनं बर्फ सांगितला, बर्नी कशी थरथरत गुडघ्यांवर बसली ते सांगितलं. हे ठरलेलं नव्हतं, पण बर्नीनं सोसलं. बर्नी रडली म्हणाली, तेही सोसलं. ओरखड्याच्या गोष्टीत तिनं दोन जास्तीचे चाबूक आणि डेंटिस्टची बायको घातली. ट्रिना भराभर लिहीत होती. मग व्हेल्मानं ग्लास उचलला. “आणि ही बंडी अस्सल घोड्याच्या चामड्याची,” ती म्हणाली. “असलं आता मिळत नाही.”

“गाय,” बर्नी म्हणाली.

“घोडा, पोरी. दिली मी ना?”

“गाय आहे.”

बर्नी उठली होती. तिनं बंडी काढली, माशांच्या बशा बाजूला सारल्या आणि ती टेबलावर पसरली. तिचा आवाज चढलेला नव्हता. टॅनरीत नव्या मुलींना शिकवायची तसाच होता. “हात लाव. तू पण लाव, ट्रिना, ते हातमोजे काढ. इथे बोट फिरव. घोड्याच्या कातड्याचा दाणा, वरचा पोत, असा नसतो. ही विस्कॉन्सिनची दुभती गाय आहे, आणि हा काटेरी तारेचा ओरखडा, कुंपणाला खांदा घासला असेल तिनं. म्हणून रद्दीत गेली. मी माझ्या हातानं रद्दी लिहिलं आणि पोटाला गुंडाळून बाहेर आणली. कापली मी, शिवली मी. घोडा म्हणे.”

पलीकडे बोलिंगचा एक चेंडू घरंगळत गेला तो सगळ्यांना ऐकू आला.

“मग व्हेल्मानं काय केलं?” ट्रिनानं विचारलं.

“व्हेल्मानं काही केलं नाही. व्हेल्मा कॅन्टीनमध्ये सूप वाढायची.”

सगळ्यांनी प्रमुख पाहुणीकडे पाहिलं. “मी सूपही वाढलेलं नाही,” व्हेल्मा म्हणाली, आणि खाली बसून तिनं आणखी एक मासा घेतला.

त्या रविवारी विशेष सभा झाली. अध्यक्ष ओडेसा पेटवे. तिनं तीस वर्षं टपाल वाटलंय, कुत्री आणि नियम या दोन गोष्टींची तिला खडान्‌खडा माहिती आहे. तिला पहिली बंडी बर्नीनंच दिली होती. बर्नी घडी केलेली बंडी मांडीवर घेऊन बसली होती. वीसेक जणी बोलल्या. कुणी म्हणालं, आपण सगळ्याच खोट्या ठरलो. कुणी म्हणालं, पंचवीस वर्षांनी काय उकरायचं, कलम चार बदला आणि जेवूया. एकीनं विचारलं, चांगलं कातडं मुद्दाम रद्दी लिहून चोरलं नाहीस ना? त्या दिवसभरात बर्नी एवढ्यालाच चिडली. रद्दी म्हणजे रद्दीच होती, तिनं जन्मात कधी खोटा आकडा टाकलेला नव्हता.

ओडेसानं निर्णय दिला : ज्यांना बंड्या मिळाल्या त्यांच्या कायम. “पत्र टाकणारा माणूस कसाही असो,” ती म्हणाली, “पत्र पोचलं की पोचलं.” राहिली बर्नी. कलम चार रद्द करण्याचा ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं आणि बहुतेक मंजूरच होणार होता.

बर्नीनं बोलायची परवानगी मागितली. “कलम बरोबर आहे,” ती म्हणाली. “मीच लिहिलंय. तुम्ही ते माझ्यासाठी बदललंत, तर उद्या बाजारातनं घेतलेल्या सगळ्या बंड्या दारात उभ्या राहतील आणि मी त्यांच्या रांगेत पहिली असेन. मला नाही तसं आत यायचं.” ती उठली, बंडी ओडेसाच्या टेबलावर ठेवली आणि उमेदवारीचा अर्ज मागितला. अर्ज कुठे असतात हे फक्त तिलाच माहीत होतं, त्यामुळे तो तिलाच शोधून द्यावा लागला. मागून व्हेल्मानं हाक मारली, “दोन आण.” तिला त्या दिवशी कुणी बोलावलेलंही नव्हतं, नातवाला सांगून ती गाडीनं आली होती.

उमेदवारी सहा महिन्यांची. उमेदवारानं कॉफी करायची, खुर्च्या मांडायच्या, मत द्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय सभेत बोलायचं नाही. दोन ताकिदी मिळाल्या की मुदत वाढवता येते. व्हेल्माला वयामुळे खुर्च्या माफ होत्या. ती कॉफीच्या किटलीपाशी बसून गोड हसत असे आणि सहा महिन्यांत एक शब्द बोलली नाही. गप्प बसून बर्नीची तब्येत मात्र बिघडू लागली. पहिली ताकीद जानेवारीत मिळाली. चामड्याची निगा हा वर्ग वीस वर्षं बर्नी घेत होती. आता तो ट्रिनाकडे गेला, आणि ट्रिनानं नव्या मुलींना बंडीला ऑलिव्हचं तेल चोळायला सांगितलं. बर्नी घड्याळाकडे पाहत अकरा मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, “त्यापेक्षा लोणी लावा आणि पावाबरोबर खा.” ओडेसानं ताकीद नोंदवली, आणि वर्ग संपल्यावर बर्नीला विचारलं, मग काय लावायचं?

दुसरी मार्चमध्ये. सहलीच्या तारखेवर मतदान होतं. बर्नीनं सवयीनं हात वर केला. अंगात बंडी नसल्यामुळे तो या खेपेला पूर्ण वर गेला आणि सगळ्या खोलीला दिसला.

एप्रिलच्या अखेरीला व्हेल्मा पूर्ण सदस्य झाली. ओडेसानं तिला बंडी दिली. लहान मापाची, फिकट तपकिरी, आणि विचारून खात्री केलेली मेंढीची. त्याच सभेत बर्नीची उमेदवारी तीन महिने वाढवण्याचा ठराव आला. व्हेल्मानं क्लबातलं पहिलं मत त्याच्या बाजूनं दिलं. बर्नीनं तिला कॉफी नेऊन दिली तेव्हा काही विचारलं नाही. व्हेल्मानंच सांगितलं, “मी गप्प बसले, पोरी. जीव जात होता माझा. तुलाही जमायला हवं.”

त्यानंतर बर्नी खरंच गप्प बसली. ट्रिनानं इतिहासाचा मसुदा वाचून दाखवला, त्यात टॅनरीच्या नदीचं नाव चुकलं होतं. बर्नीनं डोळे मिटून घेतले. मसुदा संपल्यावर ट्रिना थांबली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, मी उमेदवाराला प्रश्न विचारते, काही चुकलंय का? बर्नीनं चौदा चुका सांगितल्या, पानांच्या क्रमानं. ट्रिनानं हातमोजे न घालता त्या लिहून घेतल्या.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बर्नीवर मतदान झालं. चाळीस विरुद्ध एक. विरोधात कुणी दिलं हे गुप्त आहे आणि त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे अंदाज वेगवेगळे आहेत. बंडी कुणाच्या हातून घ्यायची हे उमेदवारानं सांगायचं असतं. सगळ्यांनी ओडेसाकडे पाहिलं. ओडेसा उठून उभीही राहिली होती. बर्नी म्हणाली, “व्हेल्मा.”

व्हेल्माला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या कानाशी जाऊन सांगावं लागलं.

“मी?” ती म्हणाली. “मी तर तुझ्या मुदतवाढीला मत दिलं.”

“म्हणूनच,” बर्नी म्हणाली. “माझ्यासाठी नियम वाकवणाऱ्या इथे पुष्कळ आहेत.”

नवी बंडी बर्नीनं नाकारली. ओडेसानं कपाटातून जुनी काढली. व्हेल्माला उभं राहायला दोघींचा आधार लागला आणि तिचे हात वर पोचेनात, म्हणून बर्नी गुडघ्यांवर बसली. ती रडली नाही. व्हेल्मानं बंडी तिच्या खांद्यांवर टाकली, मग ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं की घोडा आणि गाय यांच्यात नेमका फरक तरी काय. बर्नी तशीच खाली बसल्या बसल्या पाऊण तास सांगत होती. बटाट्याचं सॅलड वाट बघत होतं.

ट्रिनानं इतिहासात सदस्यत्वाची तारीख कोणती टाकू, असं विचारलं. बर्नीनं त्या दिवशीची सांगितली. त्यामुळे क्लबाची संस्थापक आता क्लबाच्या ज्येष्ठतेच्या यादीत एकोणपन्नासाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आहे. उमेदवार कुणी नसेल तर कॉफी यादीतल्या शेवटच्या सदस्यानं करायची असते; हे कलम अकरा, तेही तिनंच लिहिलेलं. सध्या उमेदवार कुणी नाही. म्हणून बर्नी जिला तिला क्लबात यायचा आग्रह करत असते; परवा तर तिनं दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईचे बूट बघून तिच्या हातात अर्जच दिला.